गच्चीवर पत्रे आले आणि एसी ट्रिप होऊ लागला : रत्नागिरीतील एका सभागृहाचे प्रकरण

रत्नागिरी शहराबाहेर, समुद्रापासून एक किलोमीटरच्या आतले अडीचशे माणसांचे सभागृह. गच्चीवर २५ टन क्षमतेचे एक रूफटॉप पॅकेज युनिट, म्हणजे सगळे भाग एकाच पेटीत असलेला एसी, आहे : गॅस फिरण्याची दोन स्वतंत्र सर्किट, प्रत्येकाला एक स्क्रोल कॉम्प्रेसर, गॅस आर-४१०ए, कंडेन्सरचे (उष्णता बाहेर टाकणाऱ्या कॉइलचे) पंखे वरच्या बाजूला हवा फेकणारे. युनिटच्या अंगावरच्या डब्यात कंट्रोलर, त्याच्या दारावर चार ओळींचा पडदा आणि सहा बटणांचा कीपॅड. बटणे अशी : अलार्म, प्रोग्राम, एस्केप, वर, खाली, एंटर.

ऐन मे महिन्यात, चाकरमानी गावी आलेले आणि हॉलची एकही तारीख मोकळी नाही अशा दिवसांत, तक्रार सुरू झाली. सकाळी हॉल छान गार असतो, मुहूर्ताच्या सुमारास अलार्मचे बटण लाल होते, थंडावा जातो. अलार्मचे बटण दाबून धरले की युनिट पुन्हा चालू होते आणि वीस-पंचवीस मिनिटांत परत बंद पडते. शेवटी रीसेटही घेत नाही. मग हॉलचा माणूस गच्चीवर जाऊन मेन आयसोलेटर (युनिटचा मुख्य स्विच) पाडतो, दोन मिनिटांनी उचलतो, आणि आणखी अर्धा तास निभावून नेतो. फोनवर मिळालेला सल्लाही तोच होता : "भाऊ, मेन पाडून बघा, होईल चालू."

दुसरी तक्रार पहिल्या पावसानंतरची. गारवा असूनही हॉलमध्ये ओल जाणवते, खुर्च्यांच्या कापडी खोळांना कुबट वास येतो, छतातल्या ग्रिलवरून पाणी ठिबकते. तीही याच कीपॅडपाशी येऊन थांबते, पण कारण वेगळे आहे. तिच्याकडे नंतर वळू.

रीसेटच्या आधी वाचन

अशा युनिटवर पोहोचल्यावर पहिला नियम एकच : लाल बटणाला लगेच हात लावायचा नाही. रीसेट केले की चालू अलार्म पडद्यावरून जातो, आणि त्या क्षणी कुठला इनपुट तुटलेला होता, दाब किती होता, कोणता पंखा चालू होता ही माहिती त्याच्याबरोबर जाते. आधी मोबाईलवर पडद्याचे फोटो काढायचे. या कंट्रोलरवर क्रम असा ठेवला.

अलार्म बटण एकदाच, हलके दाबायचे. चालू अलार्मचे नाव दिसते. 'खाली' दाबत गेले की एकापेक्षा जास्त असल्यास पुढचे दिसतात. इथे एकच होता : हाय प्रेशर, सर्किट २. मग एस्केप, प्रोग्राम, आणि मेनूतून 'इनपुट-आउटपुट'. तिथे डिजिटल इनपुटच्या ओळीत प्रत्येक सुरक्षा स्विच उघडा की बंद ते दिसते, अॅनालॉग ओळीत रिटर्न आणि सप्लाय हवेचे तापमान व दोन्ही सर्किटचे दाब. त्यानंतर 'अलार्म हिस्टरी'. सगळ्यात शेवटी 'टाइम झोन', म्हणजे युनिटचे वेळापत्रक, आणि घड्याळ. घड्याळ बहुतेक जण बघतच नाहीत. या प्रकरणात अर्धे उत्तर तिथेच होते. मेनूची नावे उत्पादकागणिक बदलतात, क्रम मात्र कुठेही हाच ठेवावा.

हिस्टरीतल्या सगळ्या नोंदी १ जानेवारी २००० आणि २ जानेवारी २००० या तारखांच्या होत्या. कंट्रोलरच्या बोर्डावरचा बटण-सेल संपलेला होता, त्यामुळे वीज गेली किंवा मेन पाडला की घड्याळ शून्यावर जात होते. अशा नोंदी पाहून मेकॅनिक सहसा हिस्टरी निकामी म्हणून सोडून देतात. तसे करू नये. घड्याळ दर वेळी शून्यापासून सुरू होत असेल, तर नोंदीतली वेळ म्हणजे मेन उचलल्यापासून गेलेला वेळ. कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी सहाला मेन चालू केल्याचे हॉलच्या वहीत होते. पहिली नोंद १७:१० ची, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटे. पुढच्या नोंदी ००:२५, ००:२२, ००:१९. प्रत्येक वेळी मेन पाडून उचलल्यानंतर युनिट आधीपेक्षा कमी वेळ तगत होते.

रात्रभर बिनतक्रार चालणे, ऊन चढल्यावर आणि हॉल भरल्यावर पडणे, आणि दर वेळी लवकर पडणे : उष्णता बाहेर टाकायला जागा मिळत नसल्याची ही खूण आहे. गच्चीवर गेज लावण्याआधीच दिशा कळली होती.

कीपॅड काय करू शकत नाही

हाय प्रेशर स्विच हा डिस्चार्ज लाइनवर, म्हणजे कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या गॅसच्या नळीवर, बसवलेला यांत्रिक स्विच आहे. या युनिटमध्ये तो ६१० पीएसआयला (पीएसआय हे दाबाचे एकक) तुटतो आणि त्याचा संपर्क कॉम्प्रेसरला वीज देणाऱ्या काँटॅक्टरच्या कॉइलशी सीरिजमध्ये आहे, म्हणजे तो तुटला की कॉम्प्रेसर थेट थांबतो. कीपॅड त्याला फक्त पाहतो. सर्व्हिसचा पासवर्ड टाकून 'लिमिट जरा वाढवून द्या' ही मागणी इथेही झाली होती; ती पूर्ण होणे शक्य नाही, आणि स्विच शॉर्ट करणे हा तर गुन्हा समजावा. आर-४१०एचा दाब जुन्या आर-२२च्या साधारण दीडपट असतो. पाइप फुटला तर जवळच्या माणसाला जबर इजा होऊ शकते.

कंट्रोलरची मांडणी अशी आहे की एका तासात दोनदा ट्रिप झाले तर तो दाब उतरल्यावर हाताने रीसेट स्वीकारतो, तिसऱ्यांदा मात्र सर्किट लॉक होते. हे लॉक माणसाने थांबून कारण शोधावे म्हणूनच ठेवलेले असते. मेन पाडला की ही मोजणी पुसली जाते आणि कुलूप उघडते. म्हणून 'मेन पाडून बघा' हा सल्ला बटण दाबून केलेल्या रीसेटपेक्षाही वाईट. प्रत्येक खेपेला तापलेली मोटर, पातळ झालेले तेल आणि चढलेला दाब घेऊन कॉम्प्रेसर पुन्हा सुरू होतो. २५ टनांच्या युनिटचा एक कॉम्प्रेसर गेला तर लग्नसराईतच हॉल बंद ठेवायची वेळ येते.

गच्चीवर

गेल्या मेमध्ये हेच युनिट, हाच हॉल, एकही ट्रिप नाही. मधल्या काळात बदलले ते एवढेच की एप्रिलमध्ये गच्चीवर पत्र्याची शेड झाली. कोकणात हे घरोघरी होते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस घेणारा स्लॅब गळतोच, त्यावर पत्रे घालणे हा शहाणपणाचा उपाय आहे. पण इथे शेड युनिटच्याही वरून गेली, पंख्याच्या तोंडापासून पत्रा जेमतेम एक मीटरवर, आणि तिरका पाऊस मशीनवर येऊ नये म्हणून तीन बाजू पत्र्यानेच बंद केल्या. काळजीपोटी केलेले काम, म्हणून कोणाच्या डोक्यातही आले नाही की दुखणे इथे आहे.

कंडेन्सरचे पंखे तापलेली हवा वर फेकतात. वर मोकळे आकाश असेल तर ती निघून जाते. वर पत्रा असेल तर ती आपटून खाली वळते आणि त्याच कॉइलमध्ये पुन्हा ओढली जाते. दुपारी बाराला दोन थर्मामीटर लावून मोजले : शेडबाहेरच्या सावलीत ३३ अंश, सर्किट १च्या कॉइलच्या तोंडाशी ४०, आणि कठड्याकडच्या बंद कोपऱ्यातल्या सर्किट २च्या तोंडाशी ४४. ट्रिप कायम सर्किट २च का होत होते तेही यातच आले. कंट्रोलर दोन कॉम्प्रेसरना आळीपाळीने पुढे करतो, पण पूर्ण भाराला दोन्ही चालतात आणि जो कोंडलेला तो आधी पडतो.

आता दाबाचा हिशेब. चांगल्या स्थितीतल्या कॉइलमध्ये गॅस द्रवरूप होण्याचे तापमान आत येणाऱ्या हवेपेक्षा साधारण १५ ते १७ अंशांनी जास्त असते. हवा ३३ असेल तर ४९-५० अंश, म्हणजे ४२० ते ४३० पीएसआय. इथे हवा ४४, त्यात कॉइलवर मिठाचा आणि धुळीचा थर असल्याने फरक २१ वर गेलेला. बेरीज ६५ अंश, म्हणजे ६०५ पीएसआय. स्विच ६१० ला तुटतो. पत्रा आणखी थोडा तापला की संपले.

याच टप्प्यावर नेहमीची चूक घडते. डिस्चार्जचा काटा वर दिसला की 'गॅस जास्त झालाय' म्हणत गॅस सोडला जातो, दाब पन्नास पीएसआयने उतरतो, युनिट तो दिवस निभावते आणि पुढे कायमचे कमी थंड करते. गॅस जास्त आहे की हवा कोंडली आहे हे सबकूलिंगवरून, म्हणजे द्रव झालेला गॅस त्यापुढे आणखी किती अंश थंड होतो त्यावरून, कळते. लिक्विड लाइनला (द्रव गॅसच्या नळीला) तापमानाचा प्रोब बांधून बघितले : सबकूलिंग ६ अंश, सक्शनवर (कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या नळीवर) सुपरहीट, म्हणजे वाफ झाल्यावर गॅस आणखी तापतो ते, ६ अंश. दोन्ही योग्य. गॅस जास्त असता तर सबकूलिंग १२-१४ च्या पुढे गेले असते. म्हणून गॅसला हात लावला नाही.

आधी धुतले, मग पत्रा कापला

क्रम मुद्दाम असा ठेवला, म्हणजे कशाने किती फरक पडतो ते मालकाला आकड्यांत दाखवता येईल. नाहीतर नव्या शेडला कापायला कोण तयार होणार?

कॉइल धुताना कीपॅडवरून युनिट 'ऑफ', पंखे पूर्ण थांबल्यावर आयसोलेटर पाडून कुलूप. वरचे पंख्याचे पॅनेल काढून आतून बाहेर, म्हणजे हवेच्या उलट दिशेने, साध्या नळीने पाणी. गाडी धुण्याचा प्रेशर पंप वापरला की अॅल्युमिनियमच्या पात्या आडव्या होतात आणि मग कॉइल कायमची बुजते. आम्ल किंवा कडक अल्कली असलेले केमिकल खाऱ्या हवेतल्या कॉइलला अजिबात लावू नये : तांब्याची नळी आणि अॅल्युमिनियमची पाती यांच्यामध्ये मिठाचे पाणी आले की पाती आधीच झिजत असते, केमिकल त्याला हातभार लावते. आणि पाणी कुठले आहे ते बघावे. किनाऱ्याजवळच्या कितीतरी बोअरवेल उन्हाळ्याअखेर मचूळ होतात; त्या पाण्याने कॉइल धुणे म्हणजे मीठ काढून मीठ लावणे. इथे पिण्याच्या टाकीचे पाणी घेतले.

शेडचा आणखी एक तोटा इथे लक्षात आला. उघड्यावरच्या युनिटची कॉइल पावसात निदान थोडीफार आपोआप धुतली जाते. छपराखालच्या युनिटवर खारे वारे वर्षभर मीठ आणून टाकतात आणि ते उतरवायला पाऊस कधीच पोहोचत नाही.

धुतल्यानंतर त्याच जागी, त्याच उन्हात सर्किट २चा दाब ५५५ पीएसआय. ट्रिप थांबले, पण टिकले नसते. महिनाभरात थर पुन्हा बसला असता. दुसऱ्या दिवशी कंडेन्सरच्या भागावरचे पत्रे तीन मीटर बाय तीन मीटर कापून काढले, कडेने उंच पाळ करून पाणी बाहेरच्या पन्हळीत वळवले, आणि बाजूचे पत्रे खालून सव्वा मीटरपर्यंत मोकळे केले. हवा आत ३४ अंश, दाब ४३५. पाऊस युनिटवर पडतो त्याची भीती बाळगायचे कारण नाही. ते यंत्र उघड्यावरच बसवायला बनवलेले आहे. पाण्यापासून जपायचे ते फक्त इलेक्ट्रिक डब्याचे दार आणि केबल आत शिरण्याच्या ग्लँड. प्लास्टिकची ताडपत्री गुंडाळणे तर शेडपेक्षा घातक, कारण कार्यक्रमाच्या घाईत ती काढायचे राहून जाते.

ओल कुठून आली

दुसऱ्या तक्रारीचे मूळ पुन्हा त्याच बटण-सेलमध्ये. घड्याळ शून्यावर गेल्याने टाइम झोन भलत्या वेळी लागत होते. भर कार्यक्रमात युनिट 'अनऑक्युपाइड' मध्ये, म्हणजे हॉल रिकामा असतानाच्या मोडमध्ये, जाऊन २९ अंशांवर थांबत होते. कोणीतरी त्यावर उतारा म्हणून वेळापत्रकच बंद केले आणि युनिट कायम 'ऑक्युपाइड' (माणसे असतानाच्या मोड) वर ठेवले. सेटपॉइंट, म्हणजे हवे असलेले तापमान, १८ केला. लगेच गार वाटले, म्हणून तसेच राहिले.

'ऑक्युपाइड' मध्ये या युनिटचा ब्लोअर अखंड चालतो आणि ताज्या हवेचा डँपर (झडप) किमान २० टक्के उघडा राहतो. एकूण हवा सुमारे १०,००० सीएफएम (मिनिटाला घनफूट), म्हणजे २,००० सीएफएम बाहेरची. अडीचशे माणसांना माणशी ८ सीएफएम, हे बरोबरच आहे. पण कार्यक्रमाच्या आदल्या रात्री, रिकाम्या हॉलमध्ये? जुलैमधल्या रत्नागिरीत बाहेर २८ अंश आणि ९० टक्के आर्द्रता धरा. एक किलो हवेत साधारण २१.५ ग्रॅम पाणी. आत २४ अंश आणि ५५ टक्के असेल तर १०.३ ग्रॅम. २,००० सीएफएम म्हणजे सेकंदाला एक किलोहून थोडी जास्त हवा, म्हणजे सुरुवातीला तासाला चाळीस लिटरहून जास्त पाणी आपण स्वतः ओढून आणतो. ते काढायलाच आठ टन क्षमता खर्च होते. शिवाय कॉम्प्रेसर थांबला आणि ब्लोअर चालू राहिला की कूलिंग कॉइलवर साठलेले पाणी पुन्हा हवेत मिसळते.

१८ च्या सेटपॉइंटने ग्रिल ओले केले. सप्लाय हवा ९ अंशांवर गेली, दमट हॉलमधला दवबिंदू त्याच्या कितीतरी वर, मग ग्रिलला आणि इन्सुलेशन फाटलेल्या डक्टला घाम फुटणारच.

कीपॅडवर केलेले बदल असे. आधी सेल बदलून तारीख-वेळ भरली. ऑक्युपाइड सेटपॉइंट २४, डिफरन्शियल (चालू आणि बंद होण्यातले अंतर) १ अंश. अनऑक्युपाइडमध्ये ब्लोअर 'ऑटो', म्हणजे कॉम्प्रेसरबरोबरच चालेल, आणि डँपरचे किमान उघडणे शून्य. वेळापत्रक पुन्हा चालू करून ऑक्युपाइडची सुरुवात कार्यक्रमाच्या दोन तास आधी. युनिटमध्ये फ्री कूलिंगची, म्हणजे बाहेरच्या हवेने हॉल गार करण्याची, सोय होती आणि ती फक्त तापमानावर बेतलेली. बाहेर २४ झाले की डँपर पूर्ण उघडायचा. थंड कोरड्या प्रदेशात ठीक, इथे पावसाळ्यात तो ओला वारा आत घेण्याचा रस्ता आहे. जून ते सप्टेंबर ती सोय बंद. प्रत्येक बदलानंतर एंटर दाबून कर्सर पुढच्या ओळीवर गेल्याची खात्री करावी. मधेच एस्केप दाबले तर या कंट्रोलरवर जुनाच आकडा राहतो.

रिटर्न सेन्सरची पडताळणीही झाली. कीपॅड २६.१ दाखवत होता, शेजारी धरलेला थर्मामीटर २५.८. अर्ध्या अंशाच्या आत आहे, कॅलिब्रेशनला हात नको. एक अंशाहून जास्त फरक असेल तर आधी कनेक्टरवरची गंज बघावी; सर्व्हिस मेनूतला ऑफसेट बदलणे सगळ्यात शेवटी.

मेन स्विचची सवय

कार्यक्रम नसताना वीज वाचावी म्हणून मेन पाडून ठेवण्याची हॉलची पद्धत होती. त्याने कॉम्प्रेसरचे तेल कोमट ठेवणारे क्रँककेस हीटर बंद पडतात. गार पडलेल्या कॉम्प्रेसरच्या तेलात गॅस विरघळून बसतो, आणि सुरू होताच तेलाचा फेस होऊन बेअरिंग कोरडी राहतात. ८० वॅटचे दोन हीटर दिवसाला चार युनिट वीजही खात नाहीत. आता मेन कायम चालू, युनिट कीपॅडवरून 'ऑफ'. वादळात किंवा महावितरणच्या कामात वीज बराच काळ गेली, तर परत आल्यावर किमान बारा तास, जमल्यास चोवीस, युनिट 'ऑफ'वरच ठेवून मग चालू करायचे.

लाइनचे काम झाल्यावर 'फेज' अलार्म आला तर तो रीसेट करत बसू नये. स्क्रोल कॉम्प्रेसर उलटा फिरला तर थंड करत नाही, वर तापतो. म्हणूनच हा अलार्म देणारा फेजचा रिले बसवलेला आहे. तीन फेजचे व्होल्टेज मोजावे. ४०५, ४१५, ४२५ आले तर सरासरी ४१५, सगळ्यात मोठा फरक १०, म्हणजे २.४ टक्के असमतोल. दोन टक्क्यांवर गेले की आधी पुरवठा दुरुस्त करून घ्यावा.

कीपॅडची अवस्था पाहता तोही गच्चीवर फार काळ टिकला नसता. दाराचे रबर कडक झाले होते, 'खाली'चे बटण जोर दिल्याशिवाय चालत नव्हते, सहा तारांच्या चपट्या केबलच्या कनेक्टरवर हिरवा थर होता. नवा कीपॅड खाली कार्यालयात बसवला, केबल पॉवर केबलपासून वेगळ्या पाइपमधून नेली. दाराला नवे रबर, स्क्रू ३१६ स्टेनलेसचे. खाली कीपॅड आल्याचा मोठा फायदा असा की आता हॉलच्या माणसाला गच्चीवर जावे लागत नाही, त्यामुळे आयसोलेटरपर्यंत हात जात नाही.

कार्यालयातल्या कीपॅडशेजारी एक कागद लावला आहे. अलार्म आला तर आधी पडद्याचा फोटो, मग वेळ वहीत. हाय प्रेशर असेल तर गच्चीवर नजर टाकून कॉइलला कापड, पिशवी, नारळाची झावळी चिकटलेली नाही आणि सगळे पंखे फिरतात हे बघायचे. रीसेट एकदाच. दुसऱ्यांदा आला तर ते सर्किट बंद ठेवून एका सर्किटवर हॉल चालवायचा, सेटपॉइंटला हात न लावता, आणि मेकॅनिकला फोन करून फोटो पाठवायचा. कॉइल गोड्या पाण्याने महिन्यातून एकदा, ऑक्टोबर ते मे पंधरा दिवसांनी. सर्किट २च्या कॉइलच्या खालच्या कडेच्या पात्या बोट लावले की भुकटी होतात. तिथे धुऊन काही परत येणार नाही, पुढच्या लग्नसराईआधी ती कॉइल एपॉक्सी लेपाची घ्यावी असे मालकाला लेखी कळवले आहे.